साक्षीदाराची रेघ

आमच्या अक्कांनी एकदा एका मोठ्या साहेबाला दारातच थांबवून हातातल्या अंगठ्या काढायला लावल्या होत्या. साहेब आमच्या तपासणी विभागाच्या उद्घाटनाला आलेले. मागे पाच-सात माणसं, कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात कॅमेरा. साहेबांनी हसत हसत हात पुढे केला. अक्कांनी दोन्ही हात जोडले आणि त्याच दमात म्हणाल्या, "साहेब, अंगठ्या, घड्याळ आणि मोबाइल त्या ट्रेमध्ये ठेवा. हातमोजे उजवीकडच्या खोक्यात आहेत, तुम्हाला मोठे लागतील. आणि आत गेल्यावर बोलू नका, थुंकी उडते."

थुंकी उडते! एवढ्या मोठ्या माणसाला! आमच्या मॅनेजरचा चेहरा करपा पडलेल्या पानासारखा झाला. साहेब बिचारे मुकाट्याने अंगठ्या काढायला लागले. एक काही केल्या निघेना, तेव्हा अक्का म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही काचेतूनच बघा." आणि आमची प्रयोगशाळा साहेबांनी खरोखर काचेतून पाहिली. फीत बाहेरच्या बाहेर कापली.

मी तेव्हा नुकताच धुळ्याहून येऊन नोकरीला लागलो होतो. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलेलं दिसतंय. पुढे दोन-तीन वर्षं रोज त्यांच्या हाताखाली काम केलं आणि माझं हे मत कायम राहिलं. फक्त त्या मताशेजारी आणखी बरंच काही येऊन बसलं, त्याला नेमकं काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही.

कंपनी नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून. केळीची रोपं तयार करायची. एखाद्या शेतकऱ्याच्या बागेतलं जोरकस झाड निवडायचं, त्याच्या कंदातला कोवळा कोंब घ्यायचा आणि काचेच्या बाटल्यांमध्ये त्याची हजारो रोपं करायची. यात गोम अशी, की मूळ झाडात रोग असला तर तो त्या हजारोंच्या अंगात जातो. आमच्याकडे सगळ्यात भीती 'हरण्या' नावाच्या रोगाची. पानावर पिवळे पट्टे पडतात, पान वेडंवाकडं होतं, मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, आणि मग उपटून जाळण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून प्रत्येक मूळ झाडाचं पान आधी अक्कांकडे यायचं. त्या 'जाऊ द्या' म्हणाल्या, की मगच कोंब बाटलीत.

अक्का फैजपूरच्या. केळीवाल्यांच्या घरातली लेक, लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारायची छाती केली नाही. शिकल्या-सवरल्या, कागदावर डॉक्टर, पण डॉक्टर म्हटलं की चिडायच्या. बाटल्यांच्या खोलीत काम करणाऱ्या बायका त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो. ऑफिसात त्या अगदी छापील मराठी बोलत आणि बायकांमध्ये बसल्या की फैजपूरची बोली, 'केळी'ची 'केयी' करणारी. ही अदलाबदल एका वाक्यात व्हायची.

त्यांचं सगळं वेड एका गोष्टीपायी होतं. हरण्याचा विषाणू आरएनएचा असतो. तो आहे का नाही हे बघायचं, तर पानातून आरएनए काढावा लागतो. आणि आरएनए म्हणजे हात लावीन तिथे मोडेल अशी वस्तू, कारण त्याला कापणारं विकर, आरएनेज, सगळीकडे पसरलेलं असतं. अक्कांनी त्याचं नाव कात्र्या ठेवलं होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत एका बाईने विचारलं, की अक्का, आम्हाला हात लावू देत नाही ते कशापायी? अक्कांनी भाकरी खाली ठेवली. "हे पाह्य. आरएनए म्हणजे चिठ्ठी. आतल्या मोठ्या मानसानं लिहून धाडेल. आज हे कर, उद्या ते कर. अन् कात्र्या म्हणजे चिठ्ठी फाडणारा. आपल्या घामात तो, थुकीत तो, दरवाज्याच्या कडीले तो. उकयला तरी मरत नही मेला! थंड झाला का पुन्हा उठून बसते."

"माय वं! इतका वाईट? मंग देवानं देला कशाले?"

अक्कांना एकदम राग आला. जणू त्यांच्या भावालाच कुणी नाव ठेवलं. "वाईट कोन म्हने त्याले? राखनदार व्हय तो! बाहेरून इषाणूची चिठ्ठी आली, तं तिले फाडाले दुसरं कोन हाय? अन् आपल्याच जुन्या चिठ्ठ्या फाडल्या नही, तं पेशी कालच्याच निरोपावर चालत राहीन ना. काम झालं, चिठ्ठी फाडली, मोकयं झालं."

हे त्या नुसतं सांगत नसत, पाळत. कॅलेंडरचे जुने कागद चौकोनी कापून त्यावर कामं लिहायच्या, टाचणीने ज्याच्या त्याच्या कोटाला लावायच्या. काम झालं की चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडायची. चार तुकडे. दोन केले तर चालायचं नाही. माझ्या कोटावर कधी कधी सहा-सहा चिठ्ठ्या असायच्या आणि दारातला वॉचमन मला विचारायचा, "आज काय, लगीन शे का तुमनं?"

पण गंमत सांगतो. हा सगळा सोवळेपणा दारापर्यंतच. पांढरा कोट खुंटीला लागला, की अक्कांइतकं हात लावणारं माणूस मी पाहिलं नाही. हिवाळ्यात शनिवारी कंपनीच्या मागे काट्याकुट्यांवर वांगी भाजायची, अक्का स्वतः उघड्या हाताने ती सोलायच्या, लाकडी बडगीत ठेचायच्या, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर हातानेच भरीत वाढायच्या. कुणी 'पुरे' म्हटलं तर मनगट धरून वाढायच्या. बोलताना पाठीत धपाटा ठरलेला. माझ्या पाठीला त्यांच्या हाताची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी धपाटा पडला नाही तर मीच विचारायचो, "अक्का, माझं काही चुकलं का?"

आत मात्र नमस्कार. सख्खा भाऊ आला तरी दारात नमस्कार.

मला त्या धुळ्याचा म्हणून फार छळायच्या. माझ्या तोंडात एक पालुपद होतं. 'झालं का?' असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "बठ्ठं बरोबर शे," म्हणजे सगळं बरोबर आहे. अक्का लगेच मान हलवायच्या. "धुळ्याचं बठ्ठं! म्हणजे निम्मं राहिलंय." बहुतेक वेळा निम्मं राहिलेलंच असायचं.

आता त्या रेघेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

तपासणीच्या शेवटी आम्ही एका पातळ जेलीच्या वडीचा फोटो काढायचो. त्यात उजेडाच्या आडव्या रेघा दिसतात. वर हरण्याची जागा. तिथे रेघ दिसली की झाड रोगी. खाली झाडाच्या स्वतःच्या आरएनएची रेघ, ती रोगी असो निरोगी असो, दिसलीच पाहिजे. त्या खालच्या रेघेला अक्का साक्षीदार म्हणत. वरची जागा रिकामी आणि खाली साक्षीदार हजर, म्हणजे झाड निरोगी. पण दोन्ही जागा रिकाम्या असल्या तर? तर काही कळलेलंच नाही. कुणाचा तरी हात लागलाय, कात्र्याने सगळंच कापून टाकलंय, हरण्याही आणि झाडही. "साक्षीदार बोलला नाही, तर निकाल नाही," अक्का म्हणायच्या. "नमुना पुन्हा आण." फोटो निघायच्या आधी त्या वडीवर वाकून हळूच विचारायच्या, "आहेस ना रे बाबा?" त्या साक्षीदाराला. आम्ही मागे हसायचो.

आणि फोटो रजिस्टरला पूर्ण चिकटवायचा. कडा कापायची नाही. हा नियम इतका कडक, की त्या खोलीत त्यांनी कात्रीच ठेवू दिली नव्हती. मी ती शेजारच्या खोलीतून आणली.

फैजपूरकडे एक आबा होते, अक्कांच्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांच्या बागेत एक झाड होतं. वळवाच्या वादळात आजूबाजूची बाग झोपायची आणि ते एकटं घडासकट उभं. आबांनी त्याचेच कंद लावत लावत एक ओळ धरली होती. गावातले लोक मागायचे, पण देणार किती जणांना? म्हणून ते झाड आमच्याकडे आलं. आबा दर खेपेला केळ्यांची एक फणी घेऊन यायचे, बाकावर बसायचे, आत यायचे नाहीत. "आमचे हात मातीचे," म्हणायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "अक्का, मानसाले ताप येते अन् उतरते. तसं झाड आपसूक बरं नही व्हत का हरण्यातून?"

अक्का त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "झाडापाशीबी कात्री रायते, आबा. इषाणूची चिठ्ठी दिसली का ते तिचे बारके बारके तुकडे करते. पन हरण्या लबाड. तो झाडाची कात्री धरेल हातच धरून ठेवते. झाडाले दिसते, पन कापता येत नही."

आबांनी फणीवरची माती अंगठ्याने पुसली. मग म्हणाले, "मंग तं लय वाईट वाटत असन झाडाले." अक्का हसल्या नाहीत. मी हसलो होतो.

आबांच्या झाडाचं पान तपासायला आलं त्या दिवशी अक्का नव्हत्या. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या कोटाला चिठ्ठी लावली होती : 'आबांचं पान. साक्षीदार बघणे.'

सकाळी पान गोठवून वाटलं आणि आरएनए काढत होतो. फोन वाजला. फोन ट्रेमध्ये असायला हवा होता, तो कोटाच्या खिशात होता. आई. "उद्या पोरगी देखाले जानं शे. तू आजच निंघी ये." मी उजव्या हाताचा मोजा काढून फोन कानाला लावला. आई बोलत राहिली, पोरीचं शिक्षण, बापाची नोकरी, आणि मी ऐकता ऐकता त्याच घामेजल्या बोटांनी इवल्याशा नळीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला अंगठा लागला. मला कळलं. मी मोजा पुन्हा चढवला आणि काम पुढे चालू ठेवलं. एवढंच झालं. एवढंच.

दुपारी चारला फोटो निघाला. वर काही नाही. खाली काही नाही.

पुन्हा करायचं म्हणजे फैजपूरहून नवं पान आणायचं, म्हणजे दोन दिवस. धुळ्याची गाडी पाचला. मी त्या काळ्या फोटोकडे बघत बसलो आणि मनात काय काय गोळा केलं! आबांचं झाड मी डोळ्यांनी पाहिलं होतं, हिरवंगार, वाघासारखं. त्याला कसला हरण्या? अक्का असत्या तर त्यांनी उगाच ताणलं असतं. मग मी शेजारच्या खोलीत गेलो, कात्री आणली, फोटोची खालची पट्टी कापली, वरचा भाग चिकटवला, समोर लिहिलं : हरण्या आढळला नाही. चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी पाहिलेली मुलगी आज माझी बायको आहे. ती चांगली आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

अक्का परत आल्या, रजिस्टर उघडलं. "फोटो लहान का?"

"कागद संपत आला होता, अक्का. बठ्ठं बरोबर शे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं 'धुळ्याचं बठ्ठं' म्हणतील असं वाटलं. म्हणाल्या नाहीत. सही केली. माझ्यावर एवढा विश्वास त्यांनी नेमका त्याच दिवशी का टाकावा! एरवी त्या वॉचमनच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नसत.

बाटल्यांतून रोपं व्हायला, ती शेडमध्ये रुजायला बराच काळ जातो. मध्ये एकदा रोपांचीही तपासणी असते, पण मूळ झाड निरोगी म्हटल्यावर तीही मी थोडक्यात उरकली. दुसऱ्या वर्षीच्या मृगबागेत, म्हणजे पावसाच्या तोंडावर, ती रोपं लागली. आबांच्या शेतात आणि त्यांच्या शब्दावर आसपासच्या लोकांच्या शेतात. "माह्या झाडाची लेकरं हायेत," आबा सगळ्यांना सांगत सुटले होते. ढगाळ हवा धरली, मावा आला, आणि आठ-दहा दिवसांत पानांवर पिवळे पट्टे.

अक्का मला घेऊन गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा लोक रोपं उपटत होते. कुणी ओरडत नव्हतं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अक्कांनी पदर खोचला आणि त्याही उपटायला लागल्या, उघड्या हाताने, ओळीमागून ओळ. आबा बांधावर उभे. मीही बांधावर उभा. आबांचं ते मूळ झाड, आता त्याच्याच बुंध्याशी पुन्हा फुटलेलं, उशिरा रोग दाखवत होतं, पण दाखवत होतं. तेही काढलं. आबांनी स्वतः कुऱ्हाड मारली.

गावातल्या कुणीतरी मागे म्हटलं, "हिनंच आनला हरण्या. आपलीच पोरगी, अन् आपल्याच वावरात." अक्कांना ऐकू गेलं असणार. त्या उपटतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. दार लावलं. कोट घातलेला, हातमोजे घातलेले. हातात एक कागद, कोरी बाजू माझ्याकडे करून धरलेला. फोटोचं मशीन मूळ फोटो आपल्या संगणकात ठेवतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

"आबांच्या पानाच्या दिवशी हातमोजे नीट होते?"

"हो."

"साक्षीदार बघितला होतास?"

आता इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. 'अक्का, माझा हात लागला.' त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं, मला वर्षभर बाटल्या धुवायला लावल्या असत्या आणि त्यानंतर कधीतरी पाठीत धपाटा घातला असता. हे मला आज लख्ख दिसतं. तेव्हा फक्त मुलीच्या शिक्षणापायी लांबलेल्या लग्नाच्या पत्रिका दिसत होत्या, छापून आलेल्या, कपाटावर ठेवलेल्या.

"बघितला होता, अक्का. बठ्ठं बरोबर व्हतं."

त्या थांबल्या. मी पुन्हा बोलेन म्हणून थांबल्या होत्या, तेवढं मला कळलं. मग त्यांनी हातातल्या कागदाचे चार तुकडे केले. नेहमी तुकडे टोपलीत टाकायच्या, ते कोटाच्या खिशात ठेवले. "जा," म्हणाल्या.

कंपनीच्या चौकशीला तीन जण बसले होते. रजिस्टर उघडं.

"सही कुणाची?"

"माझी."

"बाई, फोटो कापलेला दिसतोय. हा कुणी कापला?"

"सही माझी आहे ना? मग हात माझाच."

त्यातले एक जण माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथेच काम करता. तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

त्या महिन्यातच अक्का नोकरी सोडून गेल्या. खुंटीवरचा कोट, लहान मापाचे हातमोजे, टाचण्यांची डबी, सगळं ठेवून गेल्या. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. बायकांनी मला कधी भाऊ म्हटलं नाही, साहेब म्हणायला लागल्या. शनिवारचं भरीतही बंद पडलं, कुणी बंद करा म्हटलं नव्हतं तरी.

त्या माझ्या लग्नाला आल्या. मी पत्रिका पाठवली होती, ती लाजेने, येणार नाहीत या खात्रीने. धुळ्याला, भर उन्हात, एसटीने आल्या. स्टेजवर चढल्या. माझ्या बायकोच्या गालावरून हात फिरवला, माझ्या आईच्या गळ्यात पडल्या, बापाला काहीतरी हसून बोलल्या. आईने मला विचारलं, "ह्या कोन शेतस?" मी म्हणालो, "आमच्या मोठ्या मॅडम." मग त्या माझ्यासमोर आल्या. मी पाठ जरा पुढे केली असेन, सवयीने.

त्यांनी दोन्ही हात जोडले. नमस्कार केला आणि उतरून गेल्या.

लोक म्हणाले, किती साध्या बाई. फोटोग्राफरने तो फोटो घेतलाय, आमच्या अल्बममध्ये आहे. मी ते पान उघडत नाही.

पुढे कोरोना आला, आणि सगळं जग अक्कांसारखं वागायला लागलं. हात लावू नका, दुरून नमस्कार करा, तोंड झाका, थुंकी उडते. मला कुणीतरी सांगितलं, की जिल्ह्यात तपासण्या सुरू झाल्या तेव्हा तिथल्या पोरांना शिकवायला त्यांना बोलावून नेलं होतं, आणि त्या रोज पहाटेच्या गाडीने जाऊन, काम करून, एक रुपया न घेता परत यायच्या. मी फोन लावायला घेतला होता. नंबर काढला, आणि मग बायकोने चहाला हाक मारली. फोन राहिला. फोन राहायला चहा कशाला लागतो, पण असो.

मी आता धुळ्यात कॉलेजात शिकवतो. खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत कात्री ठेवू देत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने फोटो कापून चिकटवला. मी तिला सगळ्यांदेखत असं काही झापलं, की माझाच आवाज मला ओळखू येईना. ती रडली. डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, पुन्हा करते ना. दोनच तर दिवस लागतील."

मी वर्गाबाहेर गेलो. त्या दिवशी ठरवलं, फैजपूरला जायचं, अक्कांना सांगायचं. परीक्षा झाल्या की जाऊ. मग दिवाळीत जाऊ. मग उन्हाळा फार होता. लाज ही फार धिमी, फार सोशिक असते, ती म्हणते जाऊ की, काय घाई आहे. गेल्या महिन्यात कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला, की अक्का गेल्या. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मीही एक चित्र पाठवलं.

तेराव्याला फैजपूरला गेलो. अंगणात मांडव, बायकांची ये-जा. दोघी जणी पत्रावळी लावताना बोलत होत्या. "हरण्यावाल्या अक्काच ना ह्या?" इतक्या वर्षांनी गावाने त्यांना हेच नाव ठेवलं होतं. त्यात राग उरला नव्हता, नुसती ओळख होती, आणि त्यामुळे ते मला जास्त लागलं.

आबा मांडवाच्या कडेला खुर्चीत बसले होते. थकले होते, पण डोळे तेच. मला पाहिल्यावर म्हणाले, "धुय्याचे ना तुम्ही? चाला, जरा वावरात जाऊ. इथी गर्दी हाय."

आबांचं वावर अक्कांच्या घरामागेच. आबा काठी टेकत ओळीतून चालत होते. एका झाडाला लाल चिंधी बांधलेली दिसली. म्हणाले, "हे अक्काचं. गेली कित्येक सालं रोज सकायी फिरे. माह्या वावरात, दुसऱ्याच्याबी. हरण्या दिसला का चिंधी बांधे, मागून आम्ही उपटो. मशीन नही, काही नही. नुसते डोये." ते थांबले. "ही शेवटली चिंधी. उपटाची राहून गेली."

मी ते झाड उपटायला पुढे झालो आणि तसाच थांबलो. म्हणालो, "आबा, तुमच्या पानाला हात माझा लागला होता. फोटो मीच कापला होता. अक्कांची काही चूक नव्हती."

आबांनी चिंधीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. "मले ठाऊक हाय," ते म्हणाले.

"अक्कांनी सांगितलं?"

"तिनं नही सांगितलं. मी इचारलं व्हतं एकडाव, कोनाचा हात व्हता ते. तं म्हने, ज्याचा हाय तो येईन सांगाले. चांगलं पोरगं हाय, येईन." गाठ सुटली. चिंधी त्यांनी खिशात ठेवली. "मंग दर दिवायीले इचारे मले. आबा, धुय्याहून कोनी आलं व्हतं का?"

मी म्हणालो, "आता तरी सांगितलं ना, आबा. तुम्हाला तरी सांगितलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. झाडाला वाईट वाटत असेल म्हणाले होते ना, तेव्हासारखंच.

"मले सांगून काय व्हते, बाप्पा? तिले सांगाचं व्हतं."